सहा नंबरचं शीड

वहीत अठ्ठेचाळीस नोंदी होत्या. सहा होड्या, आठ शर्यती. आकडा बरोबर होता. मग मी होडीनुसार मोजलं. एक, दोन, तीन आणि पाच नंबरच्या होड्या आठ-आठ वेळा पोहोचल्या होत्या. चार नंबर सात वेळा. सहा नंबर नऊ वेळा.

वही मनिषाच्या वाडीतल्या शिडाच्या होड्यांच्या मंडळाची. मनिषा माझी कॉलेजातली मैत्रीण. मी स्टॅटिस्टिक्स शिकलेली, म्हणून तिने मला नवीन पनवेलहून बोलावलं होतं, हंगामाचे गुण कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला. पहिल्या होडीला एक गुण, दुसरीला दोन, सहावीला सहा. जी पोहोचलीच नाही तिला सात. जिची बेरीज सर्वांत कमी, ती नारळी पौर्णिमेला आपल्या नंबराचं निशाण लावून सगळ्यांच्या पुढे खाडीत निघते. यंदा जगनकाकांची सहा नंबर जाणार होती, एकोणीस गुणांवर. मनिषाची आई, रंभामावशी, तिची चार नंबर तेवीसवर दुसरी. बावीस वर्षं ती होडी हाकते आहे आणि एकदाही पुढे निघालेली नाही. पौर्णिमेला चार दिवस उरले होते.

घोळ पाचव्या शर्यतीत होता, जानेवारीतल्या. क्रम असा लिहिला होता: तीन, सहा, एक, दोन, सहा, पाच. दुसऱ्या सहावर काट; मी तोही मोजला होता. खाली ‘चार आली नाही’. सहाही होड्या पोहोचल्या तर एका शर्यतीचे गुण एकवीस होतात. इथे बावीस होत होते.

नोंदी काशिरामकाका करतात, धक्क्यावर दुर्बीण घेऊन. लांबून होडी ओळखू येत नाही, शिडावरचा मोठा नंबर तेवढा दिसतो.

“काका, इथे सहा दोनदा आहे.”

“म्हनून तर काट मारली. एक होडी दोनदा कशी येल? वाटलं, आपलंच डोलं फसलं.”

“आणि चार नंबर?”

“ती दिसलीच नाय. दिसली असती तर लिवली नसती काय?”

रंभामावशी शेजारीच जाळं विणत बसली होती. तिने मान वर केली नाही. “मी आलेली की. दुसरी.”

काकांनी चष्मा काढला.

“माझं शीड फाटलेलं,” ती म्हणाली. “आदल्या सांजेला जगनचं जुनं शीड मागून आनलं. तेच लावलं.”

खाली जगनकाका होडीला रंग देत होते. तिथूनच हसले. “आख्ख्या वाडीला ठावूक हाय. जगन आपल्याच शिडाकडनं हरला. बायको अजून जेवायला वाढताना बोलते.”

“तुम्ही कितवे आलात?” मी विचारलं.

“पाचवा. चिखलात रुतलो ना. माझ्यामागं एकटा पाच नंबरचा प्रितेश. मंडळाच्या फळ्यावर गुण लागतात ते मी कधी वाचत नाय.”

वाडीभर ठाऊक होतं, फक्त वहीला नव्हतं. मी कागदावर गुण मांडले आणि कागद आधी जगनकाकांकडे नेला. त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. आकड्यांवरून बोट फिरवलं.

“म्हंजे पुढं मी नाय.”

“नाही, काका.”

“निशान शिवून झालंय माझं. एवढा मोठा सहा.”

“उसवून टाक,” मावशी वरून म्हणाली. “तुझं शीड परत देताना ठिगळं मारून दिलेली ना मी? निशान पन देते चारचं करून.”

“गप गो. ठिगळं वाकडी मारलीस.”

“वाकड्या ठिगळांनीच तुला हरवलं.”

मनिषाने आईकडे पाहिलं. “आई, फळ्यावर सात गुण लागले होते. तेव्हा बोलली का नाहीस?”

“दुसऱ्याचं शीड लावलं, म्हनून दंड केला असंल असं वाटलं. काशिरामभाऊ चुकतील असं कोन म्हनेल?”

काशिरामकाकांना हे लागलं. ते उठून मावशीसमोर आले. “बाय, शीड मागायला आलेल्याला आपन नाय म्हनतो काय कधी?”

“नाय.”

“मग त्याला दंड कसला? चूक माझी. मी शीड बघितलं, होडी नाय.” त्यांनी माझ्याकडे हात केला. “पेन दे. मी लिवतो.”

माझ्यामागोमाग जगनकाका ब्रश हातात घेऊनच धक्क्यावर चढून आले. “नीट लिवा हां. नायतर मलाच परत पुढं धाडाल.” मग मावशीकडे वळून म्हणाले, “निशान सांजेला धाडतो. उसवताना कापड फाडू नको.”

काकांनी पाचव्या शर्यतीत काट मारलेला सहा पुन्हा लिहिला, पहिल्या सहाच्या जागी चार लिहिला, ‘चार आली नाही’ खोडलं आणि पुढे सही केली. प्रत्येक बेरीज त्यांनी मोठ्याने वाचली, मी दोनदा तपासली. चार नंबर, रंभा: अठरा. सहा नंबर, जगन: बावीस. पाच नंबर, प्रितेश: सदतीसचे अडतीस. उरलेल्या तिघांत बदल नाही. सहा होड्या मिळून एकशे अडुसष्ट. आठ गुणिले एकवीस, एकशे अडुसष्ट.