लय ज्याच्या हातात

ड्रमरचं डोकं दुपारीच फिरलं होतं, आणि ते काही उगाच नाही. संध्याकाळी बँडचा जीवनगौरव सत्कार. त्याआधी हॉलमध्ये तालीम, आणि तालमीच्या शेवटी नव्या गाण्याचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावून बघितला, तर त्यात हा कुठेच नाही. शूटिंगला याला मागे धुरात बसवलं होतं. आता त्या धुरातून एक भलताच तरणाबांड पोरगा ड्रम बडवत बाहेर येत होता. केस काय उडवतोय, दंड काय दाखवतोय. आख्खी हयात बँडमध्ये घालवून पदरात काय पडलं, तर धूर.

"हे कोणाचं डोकं?" ड्रमरने विचारलं.

"माझं," गायक म्हणाला. गायक म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, याचा सख्खा मेव्हणा. "कॅमेऱ्याला धडधाकट माणूस लागतो, भावोजी. तुमचा डावा खांदा वर जात नाही, हे काय पडद्यावर दाखवू?"

"तुझ्या डोक्यावरचे केस दुकानातले आहेत, ते दाखवलेस की."

गिटारवाला खाली मान घालून तारा जुळवत बसला. त्या दोघांच्या मध्ये पडायचं नाही, एवढं शहाणपण त्याला तरुणपणीच आलं होतं.

या मेव्हण्याला सत्कारातही ड्रमवर दुसऱ्या कोणाला तरी बसवायचं होतं. भावोजींच्याने आता होत नाही, असं तो मागच्याच आठवड्यात बहिणीच्या घरी येऊन, तिने केलेला चहा पीत पीत बोलला. ती उसळलीच. "हे वाजवणार नसतील तर मी सत्काराला येणार नाही, आणि तूही माझ्या दारात पाऊल टाकू नकोस, दादा." मेव्हण्याने मुकाट्याने माघार घेतली. एरवी चहात साखर किती यावरही हुज्जत घालणारा माणूस. तेव्हाच पाणी कुठंतरी मुरतंय हे ओळखायला हवं होतं, पण ड्रमर जिंकल्याच्या तोऱ्यात होता. बायकोला तो छातीठोकपणे म्हणाला, "बघच तू. पूर्वीसारखं वाजवतो की नाही." त्या रात्री ती त्याच्या खांद्याला तेल जरा जास्त वेळ चोळत बसली. तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे त्याने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

आता व्हिडिओ बघून त्याच्यात भर पडली. मेव्हण्याची जिरवायचीच. गायक पुढे कितीही नाचू दे, गाणं किती पळवायचं ते ड्रमर ठरवतो. स्टिकवर स्टिक चार वेळा वाजवायची, की त्या चालीने सगळ्यांना धावावंच लागतं. मेव्हण्याचा दम कधीच संपला होता, दोन ओळींमागे तो माइक प्रेक्षकांकडे धरून धापा टाकायचा. आज त्याला असा पळवायचा की धाप लागून मटकन खाली बसला पाहिजे, तेही सत्काराच्या शालीसकट.

साउंडवाला कानात घालायचे इअरफोन घेऊन आला. बाकी सगळ्यांनी निमूट घातले. ड्रमरने नेहमीप्रमाणे झिडकारले. "कानात बोळे घालून मी जन्मात वाजवलं नाही." साउंडवाल्याने गायकाकडे बघितलं. गायक म्हणाला, "राहू दे."

भाषणं झाली, शाली झाल्या, दिवे मंदावले. ड्रमरने स्टिक उचलल्या आणि भरधाव चार ठोके दिले. गाणं सुरू झालं, पण त्याच्या चालीने नाही. पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून ड्रम ऐकू येत होते आणि ते हा वाजवत नव्हता. याच्या ड्रमसमोरचे माइक बंद होते. त्या प्रचंड आवाजापुढे याच्या बडवण्याला कोण विचारतो? इअरफोनवाले सगळे त्या दुसऱ्या ड्रमबरोबर सुखाने चालले होते. हा एकटाच पुढे पळत सुटला होता.

पोराचं रेकॉर्डिंग लावलं, हरामखोराने. ड्रमरने हात वर उचलले. थांबायचं, हात तसेच धरायचे, आणि ड्रमरशिवाय ड्रम वाजताना आख्ख्या हॉलला दाखवायचे. मेव्हण्याची अब्रू चव्हाट्यावर.

तेवढ्यात धृपदाच्या आधी डाव्या हाताच्या ठोक्यांची ती सरसर उतरत जाणारी लड आली. ती दुसऱ्या कोणाला कधी जमली नव्हती. बत्तीस वर्षांचा असताना हा ती रोज, गंमत म्हणून वाजवायचा. ते रेकॉर्डिंग याचंच होतं.

हॉल उठून उभा राहिला. पहिल्या रांगेत बायको दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ड्रमरने हात खाली आणले आणि तो त्या बत्तीस वर्षांच्या माणसाच्या मागे धावायला लागला. चुकत, स्टिक नुसत्या हळू टेकवत, कोणाला कळू नये म्हणून मान उडवत. खांदा ठणकत होता. तिसऱ्या कडव्यापर्यंत त्याने त्याला गाठलं, म्हणजे निदान तसं दिसेल इतपत. मेव्हणा गाता गाता वळला, त्याने बघितलं आणि परत पुढे तोंड केलं.

कार्यक्रम संपल्यावर बायको धावतच स्टेजमागे आली. नवऱ्याचा दंड तिने दोन्ही हातांनी धरला होता आणि बोलत मात्र भावाशी होती. "ऐकलंस ना, दादा? यांच्याने होत नाही म्हणत होतास. आता बोल."

मेव्हण्याने ड्रमरकडे बघितलं. चांगलं सावकाश बघितलं. एक वाक्य बोलायचा अवकाश, की रेकॉर्डिंगचं सगळं उघडं पडलं असतं. साउंडवाला वायरी गुंडाळायचा थांबला.

"चुकलं माझं, भावोजी," मेव्हणा म्हणाला.

ती खुशीत हसली. मेव्हणा उत्तराची वाट बघत उभाच राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यापुढे मान खाली घालून ड्रमर म्हणाला, "असू दे."