गल्लीची काहील

नवी काहील गल्लीच्या नळापाशी उपडी घालून रिस्केल्दी पहाटेच घरी परतला. तासाभरात त्याला कळून चुकलं, की आपल्याइतका गाढव साऱ्या नारीन खोऱ्यात शोधून सापडायचा नाही.

बाहेर बायका पाण्याला जमल्या होत्या.

"अगंबाई, बिडाची आहे! अख्खी मेंढी मावेल."

"अखेर मुकाशला पाझर फुटला म्हणायचा. अकरा वर्षांनी का होईना, परत केली."

"काहीलखाऊला अपचन झालं असेल गं!"

खिडकीआड उभ्या रिस्केल्दीने कपाळावर हात मारून घेतला. मुकाशवरचा डाग पुसायला म्हणून ही काहील त्याने गुपचूप आणली होती. आता तो डाग पक्का झाला.

जुनी काहील साऱ्या गल्लीची होती. बारसं असो, लग्न असो की मयत, रस्सा तिच्यातच शिजायचा, आणि मुकाशच्या वडिलांपासून ती त्यांच्या गोठ्यात असायची. गोठ्याला कुलूप कोण लावतो! रिस्केल्दी तेव्हा दिवसरात्र प्यायचा. एकदा मुकाश गवत कापायला गेलेला पाहून त्याने ती गाढवाच्या गाडीवर घातली, भंगारवाल्याला विकली आणि तीन दिवस व्होडकात बुडून राहिला. नेमकं त्याच आठवड्यात मुकाशने नवं खोगीर घेतलं आणि गल्लीने दोन नि दोन पाच केले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. पोलीस नाही, पंचायत नाही. पुढच्या मेजवानीत मुकाशच्या पुढ्यात मानाच्या हाडाऐवजी बरगडी आली, एवढंच. आमच्याकडे कुणाची काय पत आहे ते त्याच्या ताटातलं हाड सांगतं. आज मुकाश बासष्टचा आहे आणि दाराशी, पोरासोरांच्या रांगेत बसतो.

चार वर्षांपूर्वी रिस्केल्दी येशूच्या मागे लागला आणि त्याची दारू सुटली. तालुक्याच्या गावी झूरा-आपा नावाच्या म्हातारीच्या घरी नऊ माणसं प्रार्थनेला जमत. तिथे त्याने रडत रडत देवाला सगळं सांगून टाकलं होतं. पाळक म्हणाले, देवाने तुझं पाप समुद्राच्या तळाशी टाकलं. रिस्केल्दीने समुद्र कधी पाहिला नव्हता. मुकाश मात्र रोज दिसायचा.

नळावरचं ऐकून तो तसाच उठला आणि गल्लीचे वडीलधारे तेमिरकुल आक्सकाल यांच्याकडे गेला. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी दार लावलं.

"हे परत बोलू नकोस."

"पण आक्सकाल, मुकाश बाइके निर्दोष आहेत!" वयाने मोठ्या माणसाला आम्ही बाइके, म्हणजे दादा, म्हणतो.

"असतील. म्हणून आम्ही अकरा वर्षं भल्या माणसाला बरगडी वाढली, हे आता चव्हाट्यावर मांडू? लाज जाईल."

"कुणाची?"

"सगळ्यांची! आणि तुझं काय रे? येशूवाल्याला गावच्या दफनभूमीत जागा द्यायची का, यावर आधीच लोक भांडतायत. त्यात वर चोर! तुझ्या मयतीला कुत्रं तरी येईल का? जा, चहा पी आणि गप्प राहा."

घरी बायको बुरुल तयारच होती. "आधी दारू सुटत नव्हती, आता तोंड सुटलंय. मुलीचं लग्न होऊ द्या, मग काय ती आरती ओवाळा स्वतःची."

अकरा वर्षं लपवताना त्याला इतका त्रास झाला नव्हता. आता कबूल करायला निघाला, तर कुणी ऐकून घेईना. तो चिडून सरळ मुकाशच्या अंगणात शिरला. मुकाश जुन्या खोगिराला टाके घालत होता. हो, तेच खोगीर.

"मुकाश बाइके, ती काहील मी विकली."

मुकाशने टाका पुरा केला, दात लावून दोरा तोडला.

"मग मला कशाला सांगतोस? मी चोर नाही हे मला माहीत आहे."

"माफी मागायला आलोय."

"गोठ्याच्या आडोशाला? मला चोर ठरवलं चाळीस माणसांनी, भर पंक्तीत. तिथे जाऊन सांग. जमत नसेल तर चालता हो, माझी सुई हरवेल."

रविवारी रिस्केल्दी झूरा-आपाकडे गेला तो धुमसतच. म्हातारी कणीक मळत होती.

"आपा, मी थकलो. देवाने माफ केलं म्हणता, मग ही लाज का जात नाही? माणसं ऐकत नाहीत, ज्याचं वाईट केलं तो हाकलतो. आणि पंक्तीत उभं राहायचं म्हटलं की मी उद्यावर ढकलतो. दारू प्यायलेला असतो तर केव्हाच बोलून गेलो असतो!"

"मग आता शुद्धीत बोल," आपा म्हणाली. "येशूला नागडं करून क्रुसावर टांगलं, रिस्केल्दी. सगळ्या गावासमोर. आई खाली उभी होती. तोंड लपवावं म्हटलं तरी हात मोकळे नव्हते. तुझ्या अंगात कोट आहे, डोक्यावर टोपी आहे. उभा राहा."

"लाज वाटेल, आपा."

"वाटू दे. त्याला ती ओळखीची आहे. तू एकटा नसशील."

पुढच्या शनिवारी तेमिरकुलच्या नातीला पाळण्यात घालायचं होतं. मेंढी नव्या काहिलीत शिजली आणि सगळी गल्ली जमली. हाडं वाटताना आक्सकालने रिस्केल्दीकडे रोखून पाहिलं आणि मांडीचं मोठं हाड त्याच्या ताटात ठेवलं. वयाने ते त्याचं नव्हतं. ती तोंड मिटून राहायची लाच होती. दाराशी मुकाश बरगडी चोखत होता.

रिस्केल्दीच्या अंगाचा तिळपापड झाला. 'प्रभू, तू उभा राहा, मग मी राहतो,' असं मनात म्हणत तो उठला.

"खाली बस," आक्सकाल पुटपुटले.

"नाही बसणार! गल्लीची जुनी काहील मी चोरली. विकून प्यायलो. नवीसुद्धा मीच आणून ठेवली, चोरासारखी, तोंड लपवून. मुकाश बाइकेंनी कधी काही घेतलं नाही. हे हाड त्यांचं आहे."

हाड घेऊन तो दारापर्यंत चालत गेला आणि ते त्याने मुकाशच्या ताटात ठेवलं. कुणी चमचा खाली टाकला. "थू! हा तुझा येशू!" मागून कुणीतरी ओरडलं. बुरुलने ओढणीत तोंड खुपसलं. रिस्केल्दीच्या कानशिलांची आग होत होती. आता धरणी दुभंगेल म्हणून तो वाट पाहत राहिला, पण धरणी जागच्या जागी होती. चाळीस माणसं बघत होती, बस्स. ज्याने बघितलं तर मेल्याहून मेलो असं वाटावं, त्या देवाने तर हे सगळं आधीच बघितलं होतं, आणि तरी घरात घेतलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला मान खाली घालावीशी वाटली नाही. राग मात्र आला, या एवढ्याशा गोष्टीला अकरा वर्षं लावल्याचा.

 मुकाशने सुरी काढली आणि मांडीचं मांस सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं. सगळ्यांना थांबावं लागलं.

पंगत उठली. बायकांनी काहील घासून पालथी घातली. ती आता आक्सकालच्या कोठीत न्यायची होती. रिस्केल्दीने काहिलीचा एक कान धरला आणि दुसरा धरायला कुणी येतं का ते पाहिलं. जो तो आपल्या बुटांकडे बघत होता. ओढत नेऊ म्हणून तो वाकला, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी कान उचलला.

"माझ्या गोठ्यात," मुकाश म्हणाला. हे त्याने रिस्केल्दीला नाही, आक्सकालला सांगितलं. म्हाताऱ्याने नजर खाली केली आणि मान हलवली.

मग मुकाश रिस्केल्दीवर खेकसला. "चल, उचल. आणि तू पुढे हो."

"का, बाइके?"

"का म्हणजे? काहील आहे, आणि तू आहेस. मी मागूनच चालणार."

भर दुपारी, सगळ्यांची दारं उघडी असताना, दोघे गल्लीच्या मधोमध निघाले.