ताईच्या मापाची चाल

छोट्याचं संगीत लाखो लोक ऐकत, पण स्वखुशीने कोणीच नाही. फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हटल्यावर जे टुणटुण सुरू होतं, ते त्याचं. लिफ्टमधलं त्याचं, दाताच्या दवाखान्यातलंही त्याचंच. वय पन्नाशीच्या पुढे, डोक्यावर केस नावापुरते. पण थोरली बहीण छोट्या म्हणते म्हटल्यावर सगळं जगच त्याला छोट्या म्हणे.

त्याचा पियानो ताईकडे, तिच्या शिवणकामाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत होता. स्वतःच्या घरात तो ठेवला असता तर छोट्याला जिन्यात झोपावं लागलं असतं. त्यामुळे प्रत्येक चाल आधी ताईच्या कानावर पडे. तिला संगीतातलं काही कळत नव्हतं आणि ती ते लपवतही नसे. "इथे झोळ आलाय," ती मशीनवरून ओरडे. नाहीतर, "खांद्यात घट्ट होतंय रे, जरा सैल सोड." तो चिडे, तासभर बोलत नसे आणि मग नेमका तिथेच सैल सोडे.

तर या ताईच्या कानामागे गाठ निघाली. एक कान पूर्वीच गेला होता, आता दुसऱ्याची पाळी. गाठ ठेवली तर ती मेंदूवर चढणार, काढली तर नस वाचणार नाही. म्हणजे ऐकणं संपलं, अगदी थोडंसुद्धा उरणार नाही. डॉक्टरांनी हे इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की ताई म्हणाली, "बघा, हे मात्र नीट ऐकू आलं."

घरी आल्यावर तिने छोट्याला समोर बसवलं. "मला एक चाल करून दे. फोनवरची नको. डोक्यात ठेवायला हवीय. आत नुसती सामसूम असणार, तिथे वाजायला काहीतरी नको का?"

"मी आहे की," भावोजी म्हणाले.

"तुम्ही नुसते दिसाल."

"चला, माझ्या घोरण्यातून तरी सुटशील."

ताई हसली. छोट्याला हसता आलं नाही. शस्त्रक्रियेच्या आधी तिच्या डोक्यात चाल कायमची बसली पाहिजे, एवढंच काम होतं, आणि असं काम त्याच्याकडे आजवर कोणी मागितलं नव्हतं.

मोठं काम हाती आल्यावर लहान माणसं जे करतात तेच त्याने केलं. तो मोठा झाला. दार लावून घेतलं, हाका मारल्या तर ओ देईना. गिऱ्हाइकांनी आयुष्यभर जे करू दिलं नव्हतं ते सगळं त्याने त्या चालीत ओतलं. खर्जातून निघून ती एकेक पायरी चढत पार वरच्या टोकाला, काचेसारख्या किणकिणत्या सुरांत पोचे आणि तिथे बराच वेळ थरथरत राही. वाजवताना त्याचं त्यालाच रडू येई. हे लक्षण चांगलं नसतं, हे धंद्यातल्या कोणीही त्याला सांगितलं असतं.

ताई डोळे मिटून ऐकायला बसली. चाल वर पोचली आणि समोरचे कागद घसरून खाली पडले. वाजवणं थांबवून तो ते गोळा करायला वाकला. उठून बघतो तर ताई मान डोलावत होती. खोलीत काहीही वाजत नव्हतं आणि ती तालात मान डोलावत होती.

"ताई."

तिने डोळे उघडले. "संपलं? फार छान होतं रे."

"संपलं नव्हतं. मी थांबलो होतो."

ती मांडीवरचा दोरा बोटाला गुंडाळू लागली. "वरचं सगळं गेलंय," शेवटी म्हणाली. "आधी पाखरं गेली. मग किटलीची शिट्टी. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"पण मग आजवर..."

"तू तरी कुठे विचारलंस? माप न घेता शिवायला बसलास. घे आता माप."

छोट्याने माप घेतलं. ताई लबाडी करणार हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून तिला पाठमोरं बसवलं. ऐकू आलं की बोट वर करायचं. तो उजवीकडच्या टोकापासून एकेक पट्टी दाबत आला. प्रत्येक सूर स्वच्छ उमटत होता, ताईचा हात मांडीवर पडून होता. मध्येच एकदा, छोट्याने काहीच वाजवलेलं नसताना, तिने बोट वर केलं. भावोजी खिडकीबाहेर बघायला लागले.

पियानोच्या निम्म्याहून खाली आल्यावर बोट खरोखर वर गेलं. तिथून डावीकडे जे उरलं होतं ते दोन पंजे शेजारी ठेवले तर झाकलं गेलं असतं.

त्याने पहिली चाल फाडली नाही. तेवढा मोठेपणा अजून शिल्लक होता. ती कपाटात टाकून तो डाव्या हाताशी बसला. खालचे सूर एकत्र वाजवले की चिखल होतो. म्हणून एका वेळी एकच सूर, आणि तो पुरता विरल्याशिवाय दुसरा नाही. एक क्षण मोकळा सोडला तर गिऱ्हाईक फोन ठेवेल, या भीतीवर ज्याचं पोट चाललं होतं, त्याला हे जमेना. तो मधली जागा भरे, आणि ताई म्हणे, "कशाला इतक्या चुण्या? उसव." तो उसवे. मग ती एकेक ओळ त्याच्यामागून गुणगुणे, शाळेत कविता पाठ करावी तशी. "ही फार लांब आहे, डोक्यात मावत नाही. दुमड."

रोज सकाळी आधी माप, मग काम. एका सकाळी उरलेल्यांतल्या सर्वांत वरच्या सुराला बोट उठलं नाही. नेमका तोच सूर चालीचा कळस होता, बाकीचे सगळे त्याच्याकडे जायला निघालेले. छोट्याने तीच पट्टी पुन्हा दाबली. पुन्हा दाबली.

"पुरे," भावोजी हळूच म्हणाले.

छोट्याने तो सूर काढून टाकला. आता चाल जिथे चढायची तिथे थबकायची आणि खाली उतरायची. त्याच्या मते तिचं वाटोळं झालं होतं. ताईने ऐकली आणि अंगावरचा सदरा ओढून बघावा तशी मान तिरकी केली.

"आता बसली," ती म्हणाली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी त्याने ती पुन्हा पुन्हा वाजवली. मग ताईनेच झाकण लावलं. "बोटं दुखतील."

गाठ निघाली, जीव वाचला. ताई घरी आली आणि पाटीवर लिहिलेलं वाचून उत्तरं देऊ लागली, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात. पण गुणगुणली मात्र नाही. चाल आत आहे की नसेबरोबर तीही गेली, हे पाटीवर लिहून विचारता आलं असतं. छोट्या लिहायचा आणि दाखवण्याआधी पुसायचा. वाजवणं त्याने बंदच केलं होतं. फोनवाल्यांकडे जुनंच टुणटुण चालू राहिलं, कोणाला फरक कळला नाही.

मग एका दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका कोटाचं माप द्यायला आल्या. दोन्ही हात पसरून ताठ उभ्या होत्या. ताई गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून, खालची किनार मोडत होती. आणि त्या टाचण्यांमधून सूर आला. जाड, मोठा, पट्टीला न जुमानणारा. मग मोकळी जागा. मग दुसरा सूर.

पलीकडच्या खोलीत छोट्या उठून उभा राहिला. दारात भावोजींनी ओठांवर बोट ठेवलं. कोणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मुख्याध्यापिका तेवढ्या घाबरून हळूच म्हणाल्या, "यांना काही होतंय का?"

छोट्याने झाकण उघडलं. ताई मूळ सुरापासून बरीच सरकली होती. त्याने पट्टी बदलली, तिला गाठलं आणि तिच्याखालून वाजवू लागला. उतरायच्या जागी ती थबकली, उतरली. पण सूर परत घसरला. त्याने पुन्हा पट्टी बदलली.

किनार तपासायला ताई मागे झुकली तेव्हा तिला दारातून तो दिसला. तिने टाचण्या तळहातावर काढल्या.

"चुकतेय का रे मी?" सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं.

छोट्याने मान हलवली. नाही.

तिने टाचण्या परत तोंडात धरल्या आणि पुढची ओळ सुरू केली. या ओळीला ती आणखी अर्धा सूर खाली उतरली. तोही उतरला.