खाडा

सावित्रीबाई डोक्यावरची चाऱ्याची मोळी टाकून, छातीला हात लावून मटकन बसली, तेव्हा चारा छावणीचा चेअरमन सुंदरराव सगळ्यांदेखत खिंकाळला होता, "तालुक्याला काढलेला ईसीजी चांगला आलाय हिचा. अन् बसली की बरं दुखायचं थांबतंय? नाटक हाय!" वर खाडा मांडला. काम बुडाल्याचा दंड. मुकादम असताना ऊसतोडीला लावलेली ही खोड त्यानं दुष्काळात सोसायटीच्या छावणीतही आणली होती.

दहावीतल्या द्वारकेनं आईला उठवलं. हसणारं एकूण एक तोंड तिनं ध्यानात ठेवलं.

अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, "आरामात पडून काढलेल्या ईसीजीत सगळं दिसतंच असं नाही. हृदयाला कामाला लावून बघू."

सावित्रीबाईच्या छातीला वायरी चिकटवून तिला सरकत्या पट्ट्यावर चालवलं. दर तीन मिनिटांनी चढ वाढे, वेग वाढे. दुखलं की सांगा, असं बजावलं होतं. बाई घामानं निथळली, पण तोंडातून चकार शब्द नाही. शेवटी पडद्यावरच्या रेघाच चुगली करू लागल्या आणि डॉक्टरांनी पट्टा थांबवला.

"मावशी, दुखत होतं ना? बोलला का नाहीत?"

"थांबलं की खाडा पडतो, सायेब."

द्वारकेनं दात असे आवळले की दाढ ठणकली.

पुढं स्कॅन झालं. शिरेतून औषध देऊन हृदयाचे दोनदा फोटो, एकदा श्रमानंतर, एकदा आरामात. आरामाच्या फोटोत भरलेली एक जागा श्रमाच्या फोटोत रिकामी होती. तिथं रक्त पुरत नव्हतं. ओझं बंद, डॉक्टरांनी लिहून दिलं.

छावणीतच भरलेल्या सोसायटीच्या सभेत द्वारकेनं माईक हिसकावला आणि दोन्ही फोटो उंच धरले. "आईला मोळीचं काम बंद! का ते हे बगा."

"फोटो कुनाचा बी आसंल," सुंदरराव म्हणाला. "आन् मोळी काय, फुलासारखी आसती."

"मग उचला की एक! ट्रॉलीला फळी लावलेलीच हाय."

बाया खदखदल्या. मिशीला पीळ देणारा माणूस मागं कसा सरेल? मोळी डोक्यावर घेऊन तो फळी चढला. एक खेप. दुसरी. तिसऱ्या खेपेला मोळी खाली, सुंदरराव तिच्यावर, तोंड मासळीसारखं उघडं.

द्वारकेनं त्याला पाण्याचा तांब्या दिला, अगदी अदबीनं. दम खाली बसेपर्यंत थांबली.

"बरं वाटतंय का, चेअरमन?"

"हां... बसल्यावर... वाटतंय."

"आस्सं!" ती माईककडं वळली. "बसल्यावर थांबतंय म्हणं! लिहा गं बायांनो, नाटक हाय. मांडा खाडा!"

"खाडा!" सगळी छावणी ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज सावित्रीबाईचा होता, बसल्या जागेवरून.