ओवायची राहिलेली पानं

सामियाच्या हातांना तंबाखूचा वास नव्हता, तरी ते पाहिले की मला तो यायचा. सिन्नरच्या दीड खोलीत माझी आई विड्या वळायची. तो उग्र दर्प आमच्या भाकरीला, पांघरुणाला, माझ्या वह्यांनाही चिकटलेला असे. त्या दर्पातच मी शिकले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी आता राहते त्या परदेशी वेरिबीतही ताठ मानेनं सांगते.

सामिया माझी शेजारीण, दक्षिण लेबनॉनमधल्या अगदी सीमेलगतच्या गावची. तिच्या घरीही तंबाखूच. पहाटे पानं तोडायची, लांब सुईनं दोऱ्यात ओवायची, उन्हात टांगायची. बोलताना तिची बोटं हवेतही काहीतरी ओवत राहत, आणि हसू भिंतीवर ऊन सरकावं तसं चेहऱ्यावर सावकाश चढे.

वेरिबीत ऋतू उलटे; जुलै म्हणजे हाडं गोठवणारा हिवाळा. तिच्या गावी पानं तोडायचे दिवस होते. पलीकडच्या देशाचं सैन्य आणि गावामागच्या टेकड्यांत दडलेले बंदूकधारी यांच्यात युद्ध पेटलं. गाव सोडा, असे इशारे आले. तिची आई तिथे एकटी. वात उतरवत न्यावी तसा सामियाचा आवाज बारीक होत गेला. एका दुपारी तिनं माझ्या स्वयंपाकघरातून आईला फोन लावला, तेव्हा पलीकडची ड्रोनची घरघर माझ्या ओट्यापर्यंत आली.

"शेजारी दारात गाडी घेऊन उभाय, आणि ही म्हणते, तोडलेली पानं ओवल्याशिवाय उठणार नाही!" फोनवर हात ठेवून सामिया म्हणाली. "सडतील म्हणे! हबीबती, लाडके, या बाईला बॉम्ब कळत नाही."

मला मात्र ती बाई कळली. भिजवलेली पानं सुपात असताना माझी आई तापातही उठली नव्हती.

"तिला नीघ म्हणूच नकोस. पानं पोत्यात भर, सुई घे, गाडीत बसून ओव, असं सांग."

सामियानं अरबीत सांगितलं.  पलीकडून म्हातारी खेकसली.

"काय म्हणाली?"

"म्हणते, एवढी अक्कल तुला नाही, कोणी शिकवलं?" सामिया हसली, आणि हसता हसता फरशीवरच बसली.

अंधार पडता पडता बातमी आली: आईची गाडी ज्या वाटेनं निघाली होती, तिच्यावरचा पूल उडवला. सामिया खिडकीशी उभी राहिली, झाडाची शेवटची सावली काळोखात मिसळावी तशी. तिची बोटं पहिल्यांदाच निश्चल होती. फोन वाजला तो पुलाच्या अलीकडून की पलीकडून, हे पहिला शब्द ऐकेपर्यंत कळेना.

आई पूल ओलांडून गेली होती.

युद्ध लवकर थांबलं. बातम्यांनी त्याला छोटं म्हटलं. गाव उरलं नाही. घर, गच्ची, विहीर, सारं सामियाच्या बोलण्यात 'होतं' झालं. आणि 'होतं' ही अशी जागा आहे, जिचा रस्ता माणसाला जन्मभर सांगता येतो, पण जिथे पोहोचता येत नाही. तिची आई जिवंत आहे.