कोरड्या रस्त्यावरची फेरी

मी एक जुना ट्रक आहे. पुढे रुंद लोखंडी पातं लावलेला, रस्त्यावरचा बर्फ सारणारा. ऑस्ट्रेलियात कसला आलाय बर्फ, म्हणून हसू नका, मित्रांनो. जुलैत इथल्या डोंगरात या, दात वाजतील.

नवा होतो तेव्हा मुलं माझ्याबरोबर फोटो काढत. पुढे रंग उडाला आणि उन्हाळ्यात माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना.

माझा चालक प्रताप. शिकायला मेलबर्नला आला आणि या डोंगरात रमला. दरवर्षी बर्फ पडण्याआधी तो मला कोरड्या रस्त्यावरून एकदा फिरवायचा. केबिनमध्ये शेजारी बसलेला सोबती उतरून प्रत्येक उंचवट्यापाशी केशरी खांब रोवायचा, म्हणजे बर्फाखाली काय दडलंय ते कळे. फेरी संपायची वर लीनाताईंच्या दारात. लॉजवर स्वयंपाक करणाऱ्या त्या बाई प्रतापला आल्याचा चहा देत आणि माझ्या बॉनेटवर थाप मारून "काय म्हातारबा?" म्हणत. मला ते फार आवडायचं.

करोनाच्या पहिल्या वर्षी केबिनमध्ये दोघांनी बसायला बंदी आली. आमचे इंजिनिअर श्रीनाथ मूळचे पुण्याचे, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "ड्राय रन यंदा स्किप करू, प्रताप. रिसॉर्ट बंद, टुरिस्ट नाहीत. बर्फ काढायचा कुणासाठी?"

"वर लीनाताई आहेत ना," प्रताप म्हणाला.

पुढच्या वर्षी नक्की करू, असं सांगून श्रीनाथ फोनकडे वळले.

जुलैत एका सकाळी लीनाताईंना श्वास घेता येईना. रस्ता बर्फाने भरलेला. पुढे मी, मागे ॲम्ब्युलन्स. आदल्या उन्हाळ्यात एका वळणावर गुरं अडवायला रस्त्यातच जमिनीलगत लोखंडी जाळी बसवली होती. तिथे खांब नव्हता. माझं पातं तिच्या कडेत अडकून वाकलं आणि मी रस्त्यात आडवा फिरून ॲम्ब्युलन्सची वाट अडवून बसलो. प्रताप फावड्याने बर्फ उपसत राहिला, मी नुसता घुरघुरत होतो. दुसरा ट्रक यायला दुपार झाली. लीनाताई हॉस्पिटलात पोचल्या, पण फार उशिरा. त्या परत आल्या नाहीत.

मला नवं पातं बसलं. पुढच्या वर्षी बर्फाआधी कोरड्या रस्त्यावर फेरी निघाली, तेव्हा खांब रोवायला श्रीनाथ स्वतः आले. जाळीपाशी त्यांनी एकाऐवजी दोन रोवले. वर पोचल्यावर प्रतापने सवयीने मला त्या दारात थांबवलं.

मित्रांनो, तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. मग माझं एवढं ऐका. बर्फ पडण्याआधी मला एकदा वरपर्यंत नेऊन आणत जा. वर एकच माणूस राहत असला, तरी न्या.