काठीचे दोन ठोके

"अगं, दुधाखालचा गॅस," असं कंडक्टर आत बायकोला म्हणणारच होते. पण दारात एक्स्प्रेस येऊन उभी राहिली, म्हणून त्यांनी शब्द गिळला आणि खुर्चीच्या हातावर काठी एकदा ठोकली. आत बटण फिरल्याचा आवाज आला. दूध वाचलं आणि अब्रूही वाचली.

एक्स्प्रेस म्हणजे पालिकेच्या योजनेतली मदतनीस. हातावर पोट असलेल्या माणसांचं म्हातारपणी कोण करणार, म्हणून पालिकेने त्यांच्या घरी बायका पाठवून केरफरशी, धुणीभांडी करून द्यायची सोय केली होती. ही बाई एका घरातून सुटली की मध्ये कुठेही न थांबता दुसऱ्या घरात शिरायची, म्हणून तिला हे नाव कंडक्टरांनी ठेवलं होतं. जन्मभर शहरातल्या बसमध्ये तिकिटं फाडलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार.

काठीची भाषाही बसचीच होती. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कंडक्टरांचे पाय गेले होते आणि बायकोची स्मरणशक्ती हळूहळू विरत चालली होती. त्यांच्याकडे डोकं होतं, तिच्याकडे हातपाय होते. दोघं मिळून एक धड माणूस व्हायचं आणि त्या एका माणसावर घर चाललं होतं. नळ वाहता ठेवून ती निघाली की एक ठोका पडायचा. हातात झाडू घेऊन नुसतीच उभी राहिली की दोन. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती त्यांच्या बसमध्ये डबा द्यायला यायची आणि शेवटच्या थांब्यापर्यंत मागच्या सीटवर बसून राहायची. बाकी सगळं विसरली तरी घंटी तिच्या अंगात मुरलेली होती.

भीती एकाच गोष्टीची होती. स्वतःचं भान असलेल्यालाच घरी मदत मिळेल, असा योजनेचा नियम होता. भान सुटलं की माणसाची रवानगी आश्रमात, आणि बायकांचा आश्रम शहराच्या पार त्या टोकाला. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या आईला असंच, जरा तपासून आणतो म्हणून नेलं होतं. तिची खाट अजून जिन्याखाली उभी करून ठेवलेली होती. कंडक्टरांना ती दिसत नसे, कारण ते जिना उतरतच नसत, पण ती तिथे आहे हे ते क्षणभरही विसरत नसत.

आणि आज पालिकेकडून पाहणीच्या मॅडम यायच्या होत्या. सकाळपासून कंडक्टरांनी बायकोकडून वार, वय, पत्ता असं सगळं घोकून घेतलं होतं. तिने बरोबर उत्तरं दिली आणि वर विचारलं, "मला शाळेत घालताय का?" ते हसले आणि त्यांनी वार पुन्हा एकदा विचारला.

मॅडम कडक असत्या तर बरं झालं असतं. त्या निघाल्या गोड स्वभावाच्या, आणि अशा माणसाशी खोटं बोलताना जीभ अडखळते. त्यांनी बायकोला आजचा वार विचारला. ती म्हणाली, "आता सगळे वार सारखेच. तुम्ही आलात तो चांगला." मॅडम खळखळून हसल्या. कंडक्टरांना वाटलं, निभावलं.

मग मॅडमना कंडक्टरांच्या हातांची पकड बघायची होती. मध्ये येते म्हणून त्यांनी काठी उचलून पलीकडच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि तेवढ्यात काकूंना चहा टाकायला सांगितलं. एक्स्प्रेस मागच्या गॅलरीत कपडे पिळत होती. बायको एकटीच आत गेली.

भांडं ठेवल्याचा आवाज आला. पाणी ओतलं गेलं. बटण फिरलं. आता लायटर वाजायला हवा होता. तो वाजला नाही. मॅडम सांगत होत्या, माझी बोटं घट्ट दाबा, आणि कंडक्टर दाबत होते, पण त्यांचा सगळा जीव कानात गोळा झाला होता. लायटर वाजत नव्हता. काठी भिंतीपाशी होती. ओरडलं तर सगळं संपलं आणि गप्प बसलं तरीही सगळं संपलं. त्यांना वास आला. निदान आल्यासारखा वाटला.

"गॅस चालू राहिलाय," ते ओरडले. "तिला बाहेर काढा."

मॅडम धावल्या, गॅलरीतून एक्स्प्रेस धावली. बायको साखरेचा डबा हातात घेऊन शेगडीसमोर शांत उभी होती. बटण पूर्ण उघडं होतं. वास मात्र कसलाच नव्हता.

मॅडम परत येऊन त्यांच्यासमोर बसल्या. "काका, तुम्हाला इथे बसून कसं कळलं?"

विनातिकीट माणसाचा चेहरा कंडक्टरांनी आयुष्यभर पाहिला होता. आज तोच चेहरा आपला झालाय हे त्यांना कळलं. "रोज मीच सांगतो तिला," ते म्हणाले, आणि मग काठीचं, ठोक्यांचं सगळंच सांगून बसले. जाताना मॅडमचे डोळे भरून आले होते, पण डोळे भरले म्हणून नियम बदलत नाही.

त्या गेल्यावर एक्स्प्रेस पहिल्यांदाच त्या घरात खाली बसली. "काका, मी आल्या आल्या खालचा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करते. नेहमीच करते. तुम्हाला काय वाटलं, मला कळत नाही? जरा दम धरला असतात तर..." तिने पुढचं वाक्य पुरं केलं नाही.

म्हणजे काहीच झालं नसतं. कंडक्टरांनी आपल्या तोंडाने बायको घालवली होती. हा विचार त्यांना दिवसरात्र कुरतडत राहिला. आणि तरीही, पुन्हा तशी वेळ आली तर आपण पुन्हा ओरडू, हेही त्यांना ठाऊक होतं. बायकोला मात्र मॅडम आल्याचंही आठवत नव्हतं. ते नीट जेवत नाहीत म्हणून ती त्यांना रागवायची. "भिताय कशाला? मी आहे ना," म्हणायची.

मग एका सकाळी आश्रमाची गाडी आली. एक्स्प्रेसने बायकोच्या स्वेटरची बटणं लावली, केस नीट केले, पिशवी उचलली. उंबऱ्यापाशी आल्यावर ती थांबली. एक्स्प्रेसने समजावलं, दंडाला धरलं, खालून ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिचं पाऊल उचलेना. तिने मान वळवून कंडक्टरांकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. सवयीने ती वाट बघत होती, एवढंच.

त्यांनी काठी उचलून खुर्चीच्या हातावर ठोकली. एकदा. ती तशीच उभी राहिली, अगदी निश्चिंत. आपण आता काही केलं नाही तर ती संध्याकाळपर्यंत अशीच उभी राहील, हे त्यांना माहीत होतं. काठी हवेत तशीच राहिली.

मग त्यांनी दुसरा ठोका दिला.

तिने मान हलवली, वाकून चपला घातल्या आणि उंबरा ओलांडला.